डार्क साइड ऑफ द मून पहिल्यांदा ऐकायलास का? मग हे वाच

भावा, पहिलं म्हणजे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नको अन् शफल तर बंदच कर, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा 1973 चा अल्बम सलग ऐकायचाय, एका गाण्यातून दुसरं निघत जातं, जेमतेम 43 मिनिटं लागतात. मी परभणीत उन्हाळ्यात रात्री गच्चीवर हेडफोन लावून ऐकला होता, सुरुवातीला काळजाच्या ठोक्यासारखी धडधड येते ना, शेवटाला पण तीच येते, अंगावर काटाच आला गड्या.

यातल्या 'मनी' गाण्याचा ठेका सापडंना झाला तर घाबरू नको, सात मात्रांचा आहे तो, आपल्याकडं भजनात रूपक ताल ऐकला असशील की, तसंच सात मोजत बस, मग गिटारचा सोलो आला की ते चार मात्रांवर येतं, तिथं कसं मोकळं वाटतं बघ.

इंग्रजी समजत नाही म्हणून कामून थांबायलास? 'द ग्रेट गिग इन द स्काय'मधी क्लेअर टॉरी ही गायिका एक शब्द गात नाही, नुसता आलाप, अन् माझ्यासाठी अख्ख्या अल्बमचा जीव तिथंच आहे.

लिरिक्स दुसऱ्या वेळी वाच. अन् 'टाइम'च्या सुरुवातीला सगळी घड्याळं एकदम वाजतात, तेवढा आवाज आधीच कमी करून ठेव.