तीस मैदानं खोड, एक गाव ठेव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. 42 दिवसांत बेसबॉलची तीसच्या तीस मैदानं, टोरोंटोसकट, आणि शेवटी न्यूयॉर्क राज्यातलं कूपर्सटाऊन, बेसबॉलच्या संग्रहालयाचं गाव. तेही भाड्याच्या मोटारहोमनं! वाचूनच माझी कंबर धरली. रागावू नकोस, पण मैदानं सगळी खोड. मोटारहोम घेऊन बॉस्टनच्या फेनवे मैदानापाशी जाणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवर ट्रक घालणं. ते संध्याकाळी तळ्याकाठी उभं करून बाहेर खुर्ची टाकायचं वाहन आहे, आणि तसं ठिकाण तुझ्या यादीत एकच आहे, कूपर्सटाऊन.

आम्ही दोघं 2016 साली गेलो, मी निवृत्त झाल्यावर. पिट्सबर्गहून 400 मैलांच्या आसपास. एका दिवसात होतात. आम्ही तीन लावले. इंटरस्टेट 88 वरून ओनिऑन्टाला उतरलास की तिथलं डमाश्की फील्ड बघ. उन्हाळ्यात कॉलेजची पोरं खेळतात. जाळीला खेटून बसलं की कॅचरच्या ग्लव्हात चेंडू बसल्याचा ‘थप्’ स्वच्छ ऐकू येतो. मोठ्या मैदानात एवढ्या जवळून हा आवाज ऐकायचा तर खिसा रिकामा होतो.

आता गाडीचं. छतावरच्या एसीसकट उंची स्वतः टेप लावून मोज आणि कागदावर लिहून समोर चिकटव. आमची 11 फूट 4 इंच होती. फोनवरच्या नकाशाला आपण साध्या मोटारीत बसलोय असंच वाटतं. परतताना आम्ही न्यू जर्सीला पुतण्याकडे निघालो, तर फोननं आम्हाला पार्कवेवर घातलं. न्यूयॉर्क शहराच्या आसपासच्या त्या जुन्या रस्त्यांवरचे दगडी पूल ठेंगणे असतात. एका पुलापासून मागे मागे येताना तुझी काकू रस्त्यात उभी राहून गाड्या अडवत होती. तो विषय आमच्या घरात अजून काढत नाहीत. आणि टाक्या रिकाम्या करताना आधी संडासाची, मग मोरीच्या पाण्याची. साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहिलं.

मुक्काम कूपर्सटाऊनच्या तळ्याच्या उत्तर टोकाला, ग्लिमरग्लास स्टेट पार्कात कर. गावात ते धूड नेऊ नकोस. उन्हाळ्यात बाहेरच्या पार्किंगपासून ट्रॉली बस सुटते. जुलैअखेर थोर खेळाडूंना संग्रहालयाच्या मानाच्या यादीत घेतात, त्या समारंभाचा शनिवार-रविवार टाळ. गाव दोन हजार वस्तीचंही नाही, आणि 2007 मध्ये रिपकेन आणि ग्विन या खेळाडूंच्या वेळी 75,000 माणसं आली होती म्हणतात. त्या गर्दीत माणसांच्या पाठी बघायला मिळतात.

अॅबनर डबलडेनं 1839 साली इथे बेसबॉल शोधला ही कथा खोटी आहे, हे तुला ठाऊक असेलच. त्या वर्षी तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होता. पण त्या कथेच्या जोरावर गावातल्या स्टीफन क्लार्कनं पाच डॉलरला एक फाटका जुना चेंडू घेतला, आणि त्यातून 1939 मध्ये हे संग्रहालय उभं राहिलं. (क्लार्कांचा पैसा सिंगर शिलाई मशीनचा. आमच्या आईचं मशीनही सिंगरचंच होतं, म्हणजे आमचाही हातभार लागला म्हणायचा.) तो चेंडू अजून काचेत आहे. बघ, हस, पुढे जा.

मानाच्या खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्यांचं दालन मात्र दुसऱ्या दिवसावर ठेव आणि सकाळी उघडल्या उघडल्या जा. मी थेट पिट्सबर्गच्या रोबेर्तो क्लेमेंतेच्या पाटीपाशी गेलो. मी 1971 मध्ये पिट्सबर्गला शिकायला आलो, आणि मला हा खेळ कळला तो त्याला बघून. 30 सप्टेंबर 1972, शनिवार, त्याचा 3,000 वा हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं). मैदानात जेमतेम तेरा हजार माणसं होती. तिकीट सहज मिळालं असतं. सोमवारी परीक्षा होती. म्हटलं, पुढच्या सीझनला बघू. 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान नेताना त्याचं विमान समुद्रात पडलं. आकडा 3,000 वरच राहिला.

पाटीवर ‘रोबेर्तो क्लेमेंते वॉकर’ असं आहे, स्पॅनिश रीतीनं आईकडचं नाव शेवटी. 1973 च्या पहिल्या पाटीवर आईकडचं नाव मध्ये आणि क्लेमेंते शेवटी, असं अमेरिकन पद्धतीनं घातलं होतं. 2000 मध्ये पाटीच बदलली. माझ्या पहिल्या पगाराच्या चेकवर वडिलांचं नाव आडनाव म्हणून छापून आलं होतं. ते दुरुस्त व्हायला आठ महिने लागले, आणि तोवर ऑफिसात मला सगळे वडिलांच्या नावानं हाका मारत होते. ती पाटी मी किती वेळ वाचत होतो कोण जाणे. तुझी काकू बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, परत आली, तरी मी तिथेच.

गाडी समतल करायच्या फळ्या आणि पाण्याची नळी आमच्या गॅरेजमध्ये पडून आहे. जाताना घेऊन जा. चकलीचा डबा काकू देईल; डबा परत हवाय, असा तिचा निरोप आहे.

तुझा,
काका