‘बुडून मृत्यू’ एवढ्यावर थांबू नका

स्कूबा डायव्हिंगमधला, म्हणजे सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली पोहतानाचा, मृत्यू समजून घ्यायचा तर पहिल्या दिवशीच्या बातमीवर विसंबू नका. शवविच्छेदन अहवालात बहुतेकदा ‘बुडून मृत्यू’ असतं. पण तो शेवट झाला. सुरुवात कुठे झाली? हवा संपली, झपाट्याने वर येताना फुप्फुस फाटलं, की हृदयच थांबलं? डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्थेने 1992 ते 2003 मधले 947 मृत्यू तपासले. सुरुवातीचं कारण कळलेल्यांपैकी 41 टक्क्यांत हवाच कमी पडली होती. म्हणून डाइव्ह कॉम्प्युटरची (खोली आणि वेळ टिपणाऱ्या उपकरणाची) नोंद, सिलिंडरमधला उरलेला दाब, रेग्युलेटरची (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणाऱ्या भागाची) चाचणी अहवालात आहे का ते बघा. कागद पोलीस किंवा कॉरोनरकडे (काही देशांत अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) असतात, आणि चौकशीला महिनोन्‌महिने लागतात. ब्रिटनच्या बीसॅक (ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब) या डायव्हिंग संस्थेचा अपघातांवरचा वार्षिक अहवाल मात्र नावं वगळून सर्वांना खुला असतो. तिथूनच वाचायला लागा.