ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेचा इतिहास वाचायला घेताना

अरे, नुसती विजेत्यांची यादी पाठ करू नकोस. १९७७ पर्यंत जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच नव्हती. ऑल इंग्लंड जिंकेल तोच जगज्जेता मानला जाई. म्हणून तर इंडोनेशियाच्या रूडी हार्टोनोची आठ एकेरी विजेतेपदं एवढी मोठी. १८९९ मध्ये सुरुवात झाली ती फक्त दुहेरीने, एकेरी पुढच्या वर्षी आली.

जुने स्कोअर आजच्या नजरेने वाचू नकोस. तेव्हा ज्याची सर्व्हिस असे, त्यालाच रॅली जिंकल्यावर गुण मिळे. १९८० च्या फायनलला प्रकाश पदुकोणने इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० हरवलं. त्यातला तो ३ बघ! किंगचा जंप स्मॅश, म्हणजे उडी मारून हाणलेला जोरदार फटका, जगभर गाजलेला, तरी पहिल्या गेममध्ये त्याच्या पदरात तेवढेच गुण. आणि आपले नंदू नाटेकर १९५४ मध्येच उपांत्यपूर्व फेरीत पोचले होते, हेही वहीत लिहून ठेव.