जुनी डिक्शनरी, नवा मजकूर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनला दिलेल्या डिक्शनरीच्या (म्हणजे 'की' आणि तिची 'व्हॅल्यू' अशा जोड्यांच्या नोंदींच्या संग्रहाच्या) नावाला आत नवी डिक्शनरी दिली, तरी बाहेर जुनेच भाव दिसतात. असे का?

उत्तर : बरोबरचे चिन्ह वापरल्याने फंक्शनमधले नाव तेवढे नव्या डिक्शनरीला जोडले गेले; बाहेरची डिक्शनरी होती तशीच राहिली. तिच्यातलाच मजकूर बदलायचा असेल, तर तिच्यावर आधी क्लिअर आणि मग नवा मजकूर देऊन अपडेट चालवावे. नुसते अपडेट पुरत नाही. कांदा 30 आणि बटाटा 25 अशा नोंदी असताना कांदा 40 एवढेच दिले, तर कांदा 40 होतो, पण बटाट्याची नोंद 25 वरच राहते. 'ओतलेला' आणि 'बदललेला' मजकूर यांतला हा फरक लक्षात न घेतल्यामुळे रद्द झालेल्या नोंदी यादीत तशाच रेंगाळतात.

क्लिअर करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट जरूर तपासावी. 'नवा मजकूर' म्हणून हाती असलेले नाव जर त्याच डिक्शनरीचे दुसरे नाव असेल, तर क्लिअर होताच दोन्हीकडून सगळे रिकामे दिसेल. म्हणून शंका असल्यास आधी कॉपी घ्यावी. शिवाय क्लिअर आणि अपडेट यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडला (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाला) ती डिक्शनरी रिकामी सापडू शकते. अनेक थ्रेड एकाच सामाईक नावावरून ती वाचत असतील, तर नवी डिक्शनरी पूर्ण तयार करून मगच त्या नावाला जोडणे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रश्न : लूपमध्ये शून्य किमतीच्या नोंदी काढताना प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो.

उत्तर : लूप चालू असताना आहे त्याच कीची व्हॅल्यू बदलता येते, पण नोंद काढली किंवा वाढवली, की आकार बदलल्याची तक्रार करून पायथन रनटाइम एरर देते. सगळ्या कींची लिस्ट आधी करून तिच्यावर लूप फिरवावा. क्रम महत्त्वाचा असेल, तर पायथन 3.7 पासून तो नोंदी घातल्याच्या क्रमानेच राहण्याची हमी आहे : व्हॅल्यू बदलल्यास जागा टिकते, काढून पुन्हा घातलेली नोंद मात्र शेवटी जाते.

प्रश्न : जावा भाषेतल्या मॅपमध्ये (पायथनच्या डिक्शनरीसारख्या संग्रहात) पुट आणि रिप्लेस यांत काय फरक?

उत्तर : की नसेल तर पुट नवी नोंद करते, रिप्लेस काहीच करत नाही, त्यामुळे चुकीच्या स्पेलिंगची की नकळत घुसत नाही. सगळ्या व्हॅल्यू एकदम बदलायच्या असल्यास जावा 8 पासून रिप्लेसऑल आहे, आणि त्यात कींना धक्का लागत नाही.