बेंडला एकच दिवस आहे, नदीकाठी कुठून कुठे चालू?

तुम्ही विचारलंय की ओरेगनमधल्या बेंडला एकच दिवस मिळतोय, तर नदीकाठी चालायला सुरुवात कुठून करू आणि तिथे खरंच वाळवंट आहे का. मी ही वाट बऱ्याचदा चाललोय, म्हणून सरळ सांगतो, ड्रेक पार्कपासून निघा आणि दक्षिणेकडे जा. डेशूट्स नदी उत्तरेकडे वाहते, म्हणजे तुम्ही प्रवाहाच्या उलट चालणार, आणि मजा त्यातच आहे, सुरुवातीला शांत असलेली नदी पुढे पुढे रांगडी होत जाते.

ड्रेक पार्कसमोरचं मिरर पाँड म्हणजे वेगळं तळं वगैरे नाही, 1910 साली विजेसाठी बांध घातला त्यामागे फुगलेली नदीच आहे ती. बरेच जण तिथे हिरवळीवर बसतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही प्लीज पुढे जा.

वाळवंटाचं म्हणाल तर वाळू शोधू नका. साधारण 3,600 फूट उंचीवरचा कोरडा प्रदेश आहे हा, कॅस्केड्सचे डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवतात आणि इकडे बर्फ धरून वर्षाला जेमतेम 11-12 इंच पाऊस पडतो, शाळेत पर्जन्यछाया शिकलो ना, तीच. मग नदी भरलेली कशी? तर डोंगरावरचा बर्फ वितळून लाव्हाच्या सच्छिद्र खडकात मुरतो आणि खाली झऱ्यांमधून बाहेर येतो. म्हणून ऐन उन्हाळ्यातही पाय बुडवला की कळ येते इतकं गार पाणी असतं.

पुढे मॅके पार्कजवळ 2015 साली नदीत मुद्दाम लाटा तयार केल्यात, प्रवाहाचे तीन भाग, एक लाटांवर खेळणाऱ्यांचा, एक ट्यूबवर तरंगत येणाऱ्यांचा आणि एक मासे-पक्ष्यांसाठी राखलेला. समुद्रापासून इतक्या लांब लोक सर्फबोर्ड घेऊन काठावर नंबर लावून उभे असतात, तिथे माझा अर्धा तास दर वेळी जातो.

मग ओल्ड मिल. 1916 साली नदीच्या दोन्ही काठांवर दोन प्रचंड लाकूड गिरण्या सुरू झाल्या होत्या, आता तिथे दुकानं आहेत, पण तीन उंच धुराडी अजून ठेवलीत. दुकानं मी भराभर पार करतो.

खरी वाट फेअरवेल बेंड पार्कच्या पुढे. एका काठाने वर जायचं, पादचारी पुलावरून पलीकडे जायचं आणि दुसऱ्या काठाने परत, साधारण तीन मैलांचा फेरा आहे. इथे दोन्ही बाजूंना काळे खडक जवळ येतात आणि पाण्याचा आवाज एकदम वाढतो. दुपारच्या उन्हात एखाद्या जुन्या पाँडेरोसा पाइनच्या सालीला अगदी नाक लावून बघा, व्हॅनिलासारखा वास येतो, खरंच! साल नारिंगी असते आणि तिचे कपचे जिगसॉ पझलच्या तुकड्यांसारखे सुटतात. आणि पाण्यापासून पन्नास पावलं वर चढलात की सेजब्रशची झुडपं सुरू, राखाडी-हिरवी छोटी पानं, दोन बोटांत चुरगाळली की वास हाताला बराच वेळ राहतो. नदी आणि वाळवंट यात एवढंच अंतर आहे, ते चालल्याशिवाय कळत नाही.

ड्रेक पार्कपासून जाऊन-येऊन सगळं मिळून तीन-चार तास धरा. पाणी जास्त घ्या कारण हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, आणि उन्हाळा असला तरी जॅकेट हवंच, सूर्य गेला की गारठा पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर निघायच्या आधी वणव्याच्या धुराचं तेवढं बघून घ्या.

आणि उन्हाळ्यात गेलात, संध्याकाळी थोडा वेळ उरला, तर शहराच्या उत्तर टोकाला नॉर्थ कॅनाल डॅमकडे जाऊन या. तिथे शेतीसाठी पाणी कालव्यांत वळवतात, त्यामुळे दिवसभर जिच्या काठाने चाललात ती नदी त्या बांधाखाली एकदम रोडावलेली दिसते, दगड उघडे पडलेले. मला ते बघून वाईट वाटतं, पण बघाच.