सेमिनरीला निघालास, तर हे ऐक

भाऊ, नवापूरहून सेमिनरीला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या कॉलेजात, जायचं ठरवलंस, छान. फॉर्म भरण्याआधी विचार, पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची, म्हणजे पदवी देणाऱ्या मंडळाची, आहे का? त्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद 1827 ची. पुढे शिकायचं तर ती पदवी कामी येते.

ग्रीकला रोज तासभर दे. क्रियापदांची रूपं तोंडपाठ नसली की बायबलच्या नव्या कराराची मूळ ग्रीकमधली एक ओळ पुढे सरकत नाही. जुन्या कराराची हिब्रू उजवीकडून डावीकडे. अक्षरांखालच्या टिंबांनी सुरुवातीला डोळे शिणतात, चालायचंच.

पाळकच, म्हणजे चर्चचा धर्मगुरूच होणार, असं घरी आताच जाहीर करू नकोस. दवाखान्यातला चॅप्लेन (रुग्णांना धीर देणारा धर्मसेवक), धर्मशिक्षण देणारा शिक्षक, हीसुद्धा देवाची पाचारणंच. सुट्टीत आलास की मावचीत, आपल्या भागातल्या बोलीत, उपदेश करून बघ; जड शब्द आजीबाईंपुढे किती टिकतात ते लगेच कळेल.

आणि मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, शिफारसपत्र आजच माग. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या बैठकीचा काही नेम नसतो.