समोरचं मडकं थापा मारू देत नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रं पाहिली. मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेली ती नथवाली आजी सफाईदार आहे, एकेक सुरकुती उतरली आहे. पण त्याच वहीत पाठीमागे तू समोर ठेवून काढलेला स्टीलचा पेला आहे. तो डावीकडे कलंडलाय, आणि टेबलावर उभा आहे की हवेत, याचा पत्ता लागत नाही. वर तू विचारतेस, मडकं, कांदा, फडकं असले जुनाट विषय अजून किती गिरवायचे? तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पेल्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

फोटो तुझ्या हातात येतो तेव्हा अवघड काम आधीच उरकलेलं असतं. खोली असलेली वस्तू सपाट करायची, एकाच डोळ्याने बघायचं, डोकं हलू द्यायचं नाही, हे सगळं भिंगाने केलेलं असतं. शिवाय जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. सावल्या काळ्याकुट्ट होतात, त्यांच्या आतलं काही दिसत नाही. तू ते इमानाने उतरवतेस. हात तयार होतो, यात वाद नाही. डोळा मात्र तसाच राहतो.

जुन्या विषयांत एक गुण आहे: त्यांच्यातली चूक पकडता येते. झाडाची फांदी दोन बोटं इकडे आली तरी झाड झाडच दिसतं, ढगाचं तर बोलायलाच नको. मडक्याचं पोट एका बाजूला फुगलं तर चित्रकलेचा गंध नसलेला शेजारीही सांगतो की हे वाकडं आहे. शिकताना असाच विषय हवा, जो आपल्याला थापा मारू देत नाही.

मडकं घे, साधं मातीचं. तांबं-पितळ आत्ता नको, त्यावर अख्खी खोली चमकते आणि तू त्या चमकेच्या मागे लागशील. मडक्याचं तोंड गोल आहे हे तुला माहीत आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. माहीत असलेलं कागदावर येतं, दिसत असलेलं राहून जातं. पेला हातात धरून डोळ्यासमोर आण. कडा डोळ्याच्या बरोबर पातळीत आली की ती नुसती आडवी रेघ दिसते. पेला खाली नेत जा, ती उघडत जाते. म्हणजे टेबलावरच्या मडक्याचं तोंड जेवढं उघडं दिसतं, त्याहून त्याचा तळ जास्त गोलाईचा असला पाहिजे, कारण तो डोळ्यापासून आणखी खाली आहे. सगळे नेमकं उलट काढतात: तोंड भरपूर गोल आणि तळ सरळ रेघेत, कारण टेबल सपाट आहे ना! तुझा पेला हवेत तरंगतोय तो त्यामुळेच. आणि त्या लंबगोलाची टोकं करंजीसारखी टोकदार करू नकोस. कितीही चपटा असला तरी तो टोकाशी वळतोच.

आता मोजणं. हात कोपरात न वाकवता ताठ धर, एक डोळा मीट आणि पेन्सिलीवर अंगठ्याने उंची पकड. तीच उंची आडवी करून रुंदीशी ताडून बघ. हात ताठच का? कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि तुझं मापच बदलतं. मडक्याच्या उंचीच्या तिपटीइतक्या अंतरावर तरी बस, त्याहून जवळ बसलीस तर एकदा मान खाली आणि एकदा वर करून दोन वेगळी मडकी काढशील. बोर्ड मांडीवर आडवा ठेवू नकोस. खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा कर, नाहीतर कागदाचा वरचा भाग तुझ्यापासून लांब जातो आणि चित्र नकळत ताणलं जातं. आणखी एक हत्यार गवंड्याकडून घे: ओळंबा. दोऱ्याला नट बांधला की झाला. तो समोर धरलास की मडक्याच्या काठाच्या बरोबर खाली काय येतं, कांद्याचं देठ की फडक्याची घडी, ते लगेच कळतं. कलंडलेला पेला पकडायला याच्यासारखा पोलीस नाही.

खोडरबर लांब ठेव. चुकलेली रेघ तशीच राहू दे आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ मार. आधी खोडलंस तर कशाच्या तुलनेत दुरुस्त करणार?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा तू दिल्या आहेस, चांगली श्रेणीही आहे. पण क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं मडकं आणि बघून काढलेलं मडकं यांत फरक असतो, हे तुलाही आतून ठाऊक असणार. उजेड कुठूनही येवो, डावीकडे पांढरा ठिपका आणि उजवीकडे गडद शेडिंग, ही घोकंपट्टी आधी विसरायची. डोळे किलकिले कर. बारीकसारीक तपशील बुजून जातात आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. तेवढेच आधी लाव. नीट बघशील तर सर्वांत गडद पट्टा मडक्याच्या अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेपाशी टेबलावरून उसळलेला उजेड येतो. तो दिसला की नवशिके हरखतात आणि पांढराफेक करून टाकतात. सावलीतला तो उजेड अखेर सावलीतलाच आहे, उजेडाच्या बाजूइतका तो कधीच चढू द्यायचा नाही.

उजेडावरून आठवलं. युरोपातल्या जुन्या स्टुडिओंमुळे ‘उत्तरेची खिडकी’ हा मंत्र झाला आहे, कारण तिथे उत्तरेकडून जवळजवळ दिवसभर ऊन आत येत नाही. आपल्याकडे तो अर्धाच लागू पडतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात खिडकी सरळ बंद कर आणि एका बाजूने एकच दिवा लाव. दोन दिवे नकोत, दोन सावल्यांत कुणीही गोंधळेल. चित्रकार सावळाराम हळदणकरांची हातात दिवा घेतलेली बाई तू पाहिली असशील, निदान कॅलेंडरवर तरी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, जलरंगातलं. मुलगी गीता हिला समोर उभं करून त्यांनी ते केलं. ज्योत हाताने झाकलेली आहे, तरी बोटांमधून उजेड कसा झिरपतो ते बघ. नीट पाहिल्याशिवाय तसा हात रंगवणं शक्य नाही.

मग फडकं. यात माझा जीव अडकतो, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. पांढरं साधं कापड एका खिळ्याला टांग: घड्या त्या एका बिंदूतून पसरत खाली जातात. दोन खिळ्यांना टांग: मध्ये झोळ पडतो आणि घड्या एका टेकूपासून दुसऱ्याकडे वळतात. प्रत्येक घडी कुठून तरी सुटते आणि कुठे तरी विरते. ती दोन टोकं शोध, मधला भाग आपोआप येतो. घड्या मोजत बसलीस तर हरवशील. काठापदराची जुनी साडी मिळाली तर सोनं, कारण काठाची रेघ घडीवर चढते, आत गडप होते, पुन्हा बाहेर येते आणि कापड कुठे वळलंय ते सांगत जाते. चौकड्यांचा पंचा तर त्याहून कडक मास्तर! चौकडी अरुंद झाली म्हणजे कापड तिथे तुझ्यापासून फिरलंय, यात वादाला जागा नाही. महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्रांतल्या नऊवारी बायका बघ. निऱ्या, कासोटा, खांद्यावरचा पदर, सगळं खाली शरीर आहे म्हणून तसं पडलेलं आहे. 1890 मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले, पुढे तिथेच शिकवत राहिले. त्या संस्थेत (स्थापना 1857) त्या काळी ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे, म्हणजे साच्यातून काढलेल्या प्रतिकृती, समोर ठेवून विद्यार्थ्यांना घासून घेत. नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग 1920 च्या सुमारास, संस्थेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत सुरू झाला.

त्या साच्यांवर टीका झाली आणि ती रास्तच होती. आपल्या पोरांनी परक्या देवांची नाकं का काढायची? पण साच्याचा उपयोग देवामुळे नव्हता. तो पांढरा आहे, एकरंगी आहे आणि हलत नाही. रंग काढून घेतला की फक्त आकार आणि उजेड उरतो. आपल्याकडे ही सोय फुकट आहे: आषाढ-श्रावणात एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जा. पेणला जमलं तर उत्तम, नाहीतर तुझ्या गावातला कारखाना चालेल. रंगकाम व्हायच्या आधीच्या पांढऱ्या मूर्ती रांगेने उभ्या असतात. सोंडेचं वळण, पोटाची गोलाई, मांडीवर टेकलेला हात. मालकाला विचारून कोपऱ्यात बस आणि कामात अडथळा आणू नकोस. एकाच मूर्तीची पुढून आणि तीनचतुर्थांश बाजूने, म्हणजे थोडं तिरकं बसून, अशी दोन चित्रं कर.

भाजी-फुलांचं थोडक्यात. कांदा-वांगी बरीच तग धरतात, मेथीची जुडी बघता बघता मान टाकते आणि जास्वंद संध्याकाळी मिटते. तेव्हा तिथे आधी मोठा आकार, मग तपशील, हा क्रम पाळावाच लागतो.

माणसाकडे घाई करू नकोस. पहिलं मॉडेल म्हणून स्वतःचा डावा हात पुरे. तो फुकट बसतो आणि चहा मागत नाही. पालथ्या हाताची बोटं उताण्या हातापेक्षा लांब दिसतात, कारण मागच्या बाजूला बोट मुठीच्या उंचवट्यापासून सुरू होतं आणि पुढे बेचक्यापासून. हे बघून पडताळ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. चेहऱ्यासाठी आरसा. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. तुझ्या सगळ्या चेहऱ्यांत ते वर गेले आहेत आणि कपाळ गायब आहे, नथवाली आजी सोडून. ती का सुटली ते तुला आता कळलं असेल.

घाट शेवटी. वाईला किंवा मेणवलीला जाशील तेव्हा पायऱ्यांच्या मध्यावर बस. डोळ्याच्या पातळीखालच्या पायऱ्यांचे माथे दिसतील, वरच्यांची फक्त उभी बाजू दिसेल. पेल्याच्या कडेचाच नियम, दगडात. पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, ओळंब्यातच पडतं, देऊळ कितीही बाजूला असलं तरी. आबालाल रहिमान जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ अशी घराजवळचीच ठिकाणं रंगवत राहिले. इटलीतला चित्रकार मोरांदी तर आयुष्यभर बोलोन्यातल्या खोलीत त्याच त्या बाटल्या आणि डबे मांडत बसला. तू म्हणशील, ते मोठे लोक. खरं आहे. पण बाटली त्यांच्यासाठीही बाटलीच होती.

आता काम सांगते. एकच मडकं, एकच जागा, उजेड रोज त्याच बाजूने. 2बी आणि 4बी पेन्सिल पुरे, कागद साधा कार्ट्रिज (चित्रकलेचा जाडसर कागद), पाव इम्पीरियल, म्हणजे मोठ्या कागदाचा चौथा भाग. पहिल्या आठवड्यात शेडिंग अजिबात नको, नुसता आकार आणि मापं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि डोळ्याची पातळी दाखवणारी आडवी रेघ हवीच. त्यानंतर तोच स्टीलचा पेला पुन्हा काढ, या वेळी मडक्याच्या शेजारी ठेवून. फोटोवरून काढायचं तर खुशाल काढ, पण ती वही वेगळी ठेव.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे कागद पाठव. निवडून चांगले तेवढे नकोत, सगळे. कोळशाने काही केलं असशील तर दोन कागदांमध्ये बटर पेपर घाल आणि गुंडाळी करू नकोस, पुठ्ठ्यात सपाट पाठव. मोबाइलवर फोटो काढून मात्र पाठवू नकोस.

तुझ्या,
ड्रॉइंगच्या बाई